तुहिनाची आणेवारी

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याने बत्तीस वर्षे काढली, त्या माणसाला आकड्यांवर भिस्त ठेवण्याची आणि त्याच वेळी त्या आकड्यांच्या पोटात काय दडले आहे हे चाचपून पाहण्याची अशी दुहेरी सवय जडलेली असते. कारण बारा आणे पीक, आठ आणे पीक, सहा आणे पीक असे शब्द जेव्हा तो कागदावर उतरवितो, तेव्हा त्या शब्दांच्या मागे एखाद्या गावच्या शेतसाऱ्याची सूट किंवा तहकुबी उभी आहे, याचा विसर त्याला पडू शकत नाही. नाणे बदलले तशी कागदोपत्री आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या आत उतरलेले गाव टंचाईच्या यादीत जाऊ लागले. पण चावडीवर बसलेल्या माणसांच्या तोंडी शब्द राहिला तो आणेवारीच, आणि तो राहावा हेच मला रास्त वाटत आले आहे. अर्धवट खात्रीच्या गोष्टी मोजूनमापून बोलण्यासाठी मराठीत याहून नेमका शब्द मला आढळलेला नाही.

हा शब्द मला पुन्हा आठवला तो आपल्या मुलखापासून सात समुद्र पलीकडे, मिशिगन संस्थानाच्या आग्नेय भागात, चिरंजिवांच्या घरामागच्या चाळीस पावले लांब आणि पंचवीस पावले रुंद अशा जमिनीच्या तुकड्यावर. गेली काही वर्षे आम्ही उभयता तिकडे जातो ते एप्रिलच्या मध्याला, आणि परततो ऑक्टोबरच्या मध्याला. परदेशी आईबापांना तेथील सरकार एरवी जी सहा महिन्यांची मुदत देते ती आणि तेथील कोवळ्या भाजीपाल्याला निसर्ग जी मुदत देतो ती, या दोहोंची लांबी जवळजवळ एकच असल्यामुळे, हजारो मराठी आजीआजोबांच्या हाती तिकडे जे पहिले काम येते ते बागेचे असते. मेथी, कोथिंबीर, कारली, दुधी, भेंडी, वालपापडी आणि कढीपत्त्याची एक कुंडी, एवढा हा संसार. तो कोणत्या दिवशी मांडावा आणि कोणत्या दिवशी आवरावा, हे तेथे आपल्याकडच्याप्रमाणे पाऊस ठरवीत नाही. ते ठरविते ज्याला संस्कृतात तुहिन म्हणतात ते, म्हणजे निरभ्र रात्री पानापानांवर गोठून बसणारे पांढरे दव.

वसंतातील अखेरच्या तुहिनाची एक तारीख आणि शरदातील पहिल्या तुहिनाची एक तारीख, अशा दोन तारखा तेथे गावोगावसाठी छापलेल्या असतात. बियाण्याच्या पाकिटावर त्यांचा हवाला असतो, रोपवाटिकेच्या भिंतीवर त्या लिहिलेल्या असतात, शेजारीपाजारी त्यांच्याविषयी बोलतात. पहिल्या वर्षी सूनबाईंनी मार्चमध्येच स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडील खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून टोमॅटो, मिरची आणि कारल्याची रोपे वाढवून ठेवली होती. आमच्या गावासाठी मुक्रर झालेली तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली होती; ती उलटली तशी तिसऱ्या दिवशी मी सारी रोपे जमिनीत लावून मोकळा झालो. कुंपणापलीकडे राहणाऱ्या एक वृद्ध बाई माझे काम पाहत उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, की मी तर मेमोरियल डे उलटल्यावाचून टोमॅटोला हात लावीत नाही. हा दिवस मेच्या शेवटच्या सोमवारी येतो. छापील तारखेहून तीन आठवडे पुढची ती गोष्ट मला त्या वेळी जुन्या माणसाची अतिसावधगिरी वाटली.

पाचव्या रात्री आकाश स्वच्छ होते, वारा पडला होता आणि भ्रमणध्वनीवरचा अंदाज तीन अंशांचा होता. तीन अंश म्हणजे गोठणबिंदूच्या वर, असे म्हणून आम्ही निजलो. सकाळी चहाचा पेला हातात घेऊन मागच्या पायऱ्या उतरलो, तो गवत पांढुरके झालेले. घराच्या भिंतीलगतची चार रोपे जशीच्या तशी उभी होती. मधल्या ओळीतील काहींची शेंड्याची पाने लुळी पडली होती. आणि खाली कुंपणाजवळ, जेथे जमीन हातभर उतरती आहे, तेथील सर्व रोपे उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी गडद, पाणथळ आणि निर्जीव झाली होती. ऊन वर आले तशी ती काळी पडली. कारल्याचे एक पान मी बोटांत धरून पाहिले, ते ओल्या कागदासारखे चिकटून आले. सौभाग्यवती पायरीवरून म्हणाली, "अहो, तारीख तर टळून गेली होती ना?"

त्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्यात माझा तो सबंध उन्हाळा गेला, आणि ते मिळाले ते असे, की तारीख टळून गेली होती हे खरे. पण ती तारीख म्हणजे काय, हेच मी कोणाला विचारले नव्हते. तीस वर्षांच्या नोंदी घेऊन, दर वर्षी वसंतात अखेरचे गोठण कोणत्या दिवशी झाले ते लिहून काढले, तर ते दिवस सुमारे महिनाभराच्या पट्ट्यात विखुरलेले दिसतात. त्यांतील मधला दिवस तो आपल्या हाती येतो. म्हणजे दर दोन वर्षांतून एका वर्षी त्या दिवसानंतर पुन्हा गोठण होतेच. ज्याला मी फर्मान समजलो होतो, ती निव्वळ आठ आण्यांची हमी होती. आणि आठ आणे पिकाच्या भरवशावर आपल्याकडे कोणी मुलीचे लग्न काढीत नाही.

खेदाची गोष्ट अशी, की तेथील सरकारी दप्तरात उरलेले आणेही तयार असतात. अमेरिकेच्या हवामान-नोंदींचे केंद्र १९९१ ते २०२० या तीस वर्षांवरून प्रत्येक ठाण्यासाठी असे कोष्टक काढते, की अमुक तारखेनंतर गोठण होण्याचा संभव शेकडा नव्वद, अमुक तारखेनंतर पन्नास, अमुक तारखेनंतर दहा. ते निरनिराळ्या तापमानांसाठीही स्वतंत्रपणे दिलेले असते, कारण शून्य अंशाला कारली मरतात, पण कोबीला आच लागायला पारा आणखी कितीतरी उतरावा लागतो. शेकडा दहाची तारीख, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचौदा आण्यांच्या जवळपासची खात्री, आमच्या गावी मधल्या तारखेहून सुमारे दोन आठवडे पुढे पडते; शेजारच्या बाईंचा मेमोरियल डे तिच्याही पुढचा. त्यांनी कोष्टक कधी पाहिले नव्हते, त्यांच्या घरात ते पिढीजात चालत आले होते. परंतु एवढे तपशीलवार दप्तर हाताशी असताना पाकिटामागे, फलकावर आणि लोकांच्या तोंडी उतरते ती एकटी मधली तारीख, तिच्या आण्यांवाचून. आणि संभवाचा आकडा गाळून सांगितलेली तारीख ही अर्धे सत्य असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

दुसरी गोष्ट जागेची. सरकारी तापमापक जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेला असतो, आणि रोप असते जमिनीलगत. निरभ्र व निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहते, तिच्यालगतची हवा थंडावते, थंड हवा जड असते आणि जड हवा पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. कुंपण, बांध, दाट झुडूप आडवे आले की त्याच्या मागे तिचा डोह होतो. पेटीत तीन अंश असताना आमच्या कुंपणाशी शून्याखाली पारा जाण्यात म्हणूनच अद्भुत काही नव्हते. अद्भुत काही असलेच, तर हातभर उताराने जगणे आणि मरणे यांत केलेला निवाडा. घराच्या भिंतीने दिवसभर उन्हाची ऊब साठवून ती रात्री परत केली, म्हणून तिच्या आश्रयाची रोपे वाचली.

ही गोष्ट जुन्या लोकांनी डोळ्यांनी पाहून ठेवलेली आहे. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी १७६६ पासून १८२४ पर्यंत आपल्या बागेची रोजकीर्द ठेविली; कोणता वाफा कधी पेरला, पहिला वाटाणा पानात कधी आला, असल्या साध्या नोंदींची ती वही आहे. १७७४ च्या मे महिन्याच्या आरंभी पडलेल्या तुहिनाने जवळजवळ सर्व काही जळून गेल्याची नोंद तिच्यात आहे. आणि व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे नमूद केले आहे, की माँटिसेलोच्या टेकडीभोवतालची हिकरीची दणकट झाडे ज्या थंडीने मेली, त्याच थंडीत टेकडीच्या माथ्यावरील फळझाडांचा नाजूक मोहोर मात्र सुखरूप राहिला.

पण इतके लांब जाण्याचे तरी कारण काय? दर हिवाळ्यात आपल्या वृत्तपत्रांतून महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे झळकतात. नौकाविहाराच्या धक्क्यावर, मोटारींच्या टपावर, लिंगमळ्याच्या बाजूच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर पसरलेला दिसतो. आणि त्याच अंकात महाबळेश्वरचे किमान तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर छापलेले असते. वाचक बुचकळ्यात पडतो. वस्तुतः दोन्ही बातम्या खऱ्या असतात. वेधशाळा उंचवट्यावर आहे, तलाव खोलात आहे, आणि रात्रभर उतारांवरून ओघळलेली थंड हवा त्या खोलात येऊन थांबते. मिशिगनमधील माझ्या कुंपणाचा आणि वेण्णेच्या काठाचा न्याय एकच.

आणि या शास्त्रातील एक अतिशय सूक्ष्म शोध तर पुण्याशीच निगडित आहे, याचा मला मराठी वाचक म्हणून अभिमान वाटतो. १९३२ साली पुण्यात भारतीय हवामान खात्याचा कृषिहवामान विभाग सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे डॉ. एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन् यांच्यासह त्याच वर्षी असे प्रसिद्ध केले, की शांत व निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा अगदी भूपृष्ठाला टेकलेली नसते, ती जमिनीपासून काही इंच वर असते. प्रस्थापित समजुतीच्या हे इतके विरुद्ध होते, की मोजमापातच काही चूक असावी असे कित्येक पंडितांना पुढे दीर्घकाळ वाटत राहिले. अखेरीस ते निरीक्षण खरे ठरले आणि आज त्या थराला रामदास यांचेच नाव आहे. काही इंच म्हणजे नेमकी लहान रोपाच्या शेंड्याची उंची. जमिनीला चिकटलेली पाने हिरवी आणि शेंडा मात्र करपलेला, असे चित्र मी ज्या ज्या वेळी पाहतो, त्या त्या वेळी मला पुण्याच्या त्या निरीक्षणांची आठवण होते.

येथे कोणी सुज्ञ वाचक विचारील, की आता दहा दिवसांचा अंदाज घरबसल्या मिळतो, मग तीस वर्षांच्या तारखांची उठाठेव कशासाठी? आक्षेप वाजवी आहे. परंतु तो करणारा माणूस पीक लावणारा नसावा. आज रात्री रोपे झाकावीत की नाही, एवढे सांगायला अंदाज पुरेसा आहे, आणि ते सांगणे मोलाचेही आहे. परंतु टोमॅटोचे बी घरात रुजत घालावे लागते ते रोप बाहेर जाण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, मिरचीचे त्याहूनही आधी. लसूण लावायचा तो ऑक्टोबरात, काढायचा पुढच्या उन्हाळ्यात. शेतीतील मोठे निर्णय अंदाजाच्या नजरेच्या पार पलीकडे घ्यावे लागतात. त्या पल्ल्यावर हवामान सांगता येत नाही, सांगता येते ती फक्त त्याची आणेवारी.

हे विधान ज्यांना हौशी बागवानाचे वाटेल, त्यांनी नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराची स्थिती ध्यानात घ्यावी. मी निफाड तालुक्यातला. आमच्या भागात ऑक्टोबर छाटणी म्हणून जी ओळखली जाते ती प्रत्यक्षात ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत बागोबाग पुढेमागे होत असते, आणि छाटणीपासून माल तयार होण्याला साधारण चार ते पाच महिने लागतात. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस गारठ्याची लाट आली, तर त्या लाटेला आपली बाग फुलोऱ्यात सापडावी, मण्यांत पाणी उतरण्याच्या वेळी सापडावी की काढणीच्या तोंडावर सापडावी, हे शेतकऱ्याने सप्टेंबरात कात्री उचलली त्या दिवशीच ठरून गेलेले असते. पाणी उतरल्यानंतर पारा चार-पाच अंशांच्या खाली आला, की मणी तडकू लागतात, आणि तडकलेला मणी निर्यातीच्या पेटीत जात नाही. मग पहाटे तीन वाजता सारे घरदार कुडकुडत बागेत जाते, बांधांवर शेकोट्या पेटतात, ठिबक सोडले जाते. ओली जमीन उष्णता अधिक साठविते, हे खरे. शेकोटीच्या उबेने वरची किंचित कोमट हवा ढवळून खाली येते, हेही खरे. पण धुराचे पांघरूण होते हा समज मात्र फारसा खरा नाही, कारण जमिनीची निसटती उष्णता अडविण्याइतके धुराचे कण मोठे नसतात. ओला पालापाचोळा जाळून घर धुराने भरणाऱ्या माझ्या भावकीला मी हे वारंवार सांगत आलो आहे.

त्या पहाटेला काय छापून येते? निफाडचा पारा इतक्या अंशांवर, हंगामातील नीचांक, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंद. दुसऱ्या दिवशी नवा नीचांक. ही बातमी खरी असते, परंतु ती ज्याच्या बागेत मणी तडकले त्याला काल रात्रीच कळून चुकलेली असते, आणि ज्याच्या बागेत तडकले नाहीत त्याला पुढच्या सप्टेंबरात तिचा उपयोग नसतो. त्याला हवे असते ते असे: गेल्या तीस हिवाळ्यांपैकी किती हिवाळ्यांत डिसेंबरच्या वीस तारखेपूर्वी पारा पाच अंशांच्या खाली गेला, किती हिवाळ्यांत तो मकरसंक्रांतीनंतर गेला, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर असे किती वेळा घडले. तीन ओळींचे हे कोष्टक आहे. ते छाटणीच्या हंगामापूर्वी, ऑगस्टच्या आरंभी, प्रत्येक जिल्हा वृत्तपत्राने हवामान खात्याकडून व कृषी विद्यापीठाकडून मागून घेऊन ठळकपणे छापावे, अशी माझी या लेखातील मुख्य मागणी आहे. नीचांकाच्या दहा मथळ्यांहून ते एक कोष्टक शेतकऱ्याच्या अधिक कामाचे आहे.

तारखेने शेती करणे आपल्याला परके आहे, असे मात्र कोणी समजू नये. मृग लागतो तो जूनच्या सात-आठ तारखेला, आणि आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य यांच्या पायऱ्या उतरत हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत सुमारे साडेतेरा दिवसांच्या अंतराने सूर्य पुढे सरकत जातो. चंद्राच्या तिथी सोडून सूर्याच्या नक्षत्रांवर पेरणी बसविण्यात आपल्या पूर्वजांनी मोठे शहाणपण दाखविले, कारण ऋतू सूर्याचे आहेत. ही सुद्धा पिढ्यांच्या अनुभवाने काढलेली मधली तारीखच आहे. फक्त तिच्या जोडीला कोणत्या नक्षत्राचा भरवसा किती, हे सांगणारी वचने आणि वाहनांचे अडाखे लोकांनी रचले. आकड्यांत नसली, तरी ती आणेवारीच होती. शिवाय निरयन पंचांगाच्या तारखा ऋतूंच्या मानाने सुमारे सत्तर-बाहत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, त्यामुळे पणजोबांचा मृग आणि आपला मृग यांतही फरक पडलेला आहे.

तारखा सरकतात, हा मुद्दा तुहिनालाही लागू आहे आणि तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे. जग तापत आहे, अखेरचे गोठण सरासरीने अलीकडे येत आहे, तेव्हा धोका कमी झाला असे मानण्याकडे कल दिसतो. मिशिगनमध्ये २०१२ साली जे घडले ते या समजुतीचे खंडन करण्यास पुरेसे आहे. त्या वर्षी मार्चमध्येच तेथे भर उन्हाळ्यासारखी हवा पडली; चेरीच्या झाडांनी आपले डोळे आठवडेच्या आठवडे आधी उघडले; आणि मग एप्रिलमध्ये गोठणाच्या रात्री आल्या, ज्या त्या मुलखात एप्रिलमध्ये येतच असतात. राज्याचे आंबट चेरीचे सुमारे नव्वद टक्के पीक त्यात गेले. थंडी नेहमीच्या वेळेवर आली होती. झाडे लवकर जागी झाली होती. ऊबदार झालेल्या वसंतात झाडाची घाई थंडीच्या माघारीहून अधिक असली, तर तुहिनाचे भय उलट वाढते. म्हणून जुन्या सरासरीवर विसंबणे जितके चूक, तितकेच तिला निरुपयोगी ठरवून टाकून देणेही चूक.

शरदातील तारखेने मला जे शिकविले ते वेगळ्या जातीचे आहे. तेथे उलटी मोजणी करावयाची असते: पहिल्या तुहिनाच्या तारखेपासून मागे येत येत, पिकाचे दिवस वजा करीत, पेरणीचा दिवस काढावयाचा, आणि दिवस लहान होत असल्याने वाढ मंदावते म्हणून त्यात आणखी दहा-पंधरा दिवसांची बेगमी धरावयाची. पालक, मेथी, गाजरे यांच्या बाबतीत हा हिशेब सुरेख जमतो. थंडीची चाहूल लागताच गाजर आणि पालक आपल्या अंगातील पिठूळ द्रव्याची साखर करू लागतात, ती साखर त्यांना गोठण्यापासून जपते आणि आपल्या जिभेलाही सुख देते. ऑक्टोबरातला पालक मेमधल्या पालकाहून गोड लागतो.

वालपापडीने मात्र माझा हिशेब जुमानला नाही. तेथील एका मराठी स्नेह्यांनी दिलेले बी मी मेअखेरीस पेरले. जून, जुलै, ऑगस्ट वेल कुंपणावर असा पसरला की खालची फळी दिसेना. पण फूल म्हणून नाही. खत अधिक झाले असावे म्हणून मी खत थांबविले, पाणी तोडले. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जणू कोणी आज्ञा केल्याप्रमाणे, एकाच आठवड्यात सबंध वेल जांभळ्या तुऱ्यांनी भरून गेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नखाएवढ्या चपट्या, आतून अजून पोकळ अशा शेंगा लगडलेल्या असतानाच तुहिन पडले. वाल हा लांब रात्रींवर फुलणारा वेल आहे. रात्री पुरेशा वाढल्यावाचून त्याच्यातील फुलाचा आदेश सुटत नाही. कोकणात भात निघाल्यावर शेतातल्या ओलीवर पेरलेल्या वालाला हे फावते, कारण तेथे रात्री वाढतच असतात आणि गोठणाचे भय नसते; म्हणून तर जानेवारीत अलिबागेकडे मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावता येते. उत्तरेकडच्या मिशिगनात मात्र रात्र पुरेशी लांब होईपर्यंत हंगामच सरतो. वालाजवळ त्याचे स्वतःचे पंचांग आहे, आणि मी कितीही आधी पेरले तरी ते तो बदलणार नाही. अशा ठिकाणी तारखेचा अभ्यास सोडून बियाण्याचा अभ्यास करावा लागतो: बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेले अर्का जय आणि अर्का विजय यांसारखे वाण रात्रीच्या लांबीची तमा बाळगीत नाहीत, दिवस भरले की फुलतात. परदेशी राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांना दर वर्षी हिरवागार आणि वांझ वेल पाहून हळहळ वाटते. ती त्यांच्या हाताची चूक नव्हे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे, म्हणून मी हे विस्ताराने लिहिले.

आता आमच्या घरी तारखांचा तहनामा ठरलेला आहे. मटार, मेथी, कांद्याची रोपे आठ आण्यांच्याही आधी, थंडीला न भिणारी म्हणून; टोमॅटो साडेचौदा आण्यांवर; भेंडी आणि कारली त्याहूनही आठवडाभर मागे, कारण हवा कितीही निवळली तरी माती थंड असेतो त्यांची मुळे हलत नाहीत. खालच्या कुंपणाशी फक्त कोबी आणि लसूण. संशयाच्या रात्री सौभाग्यवतीच्या जुन्या सुती साड्या बाहेर निघतात. त्या खोडाशी आवळून न बांधता जमिनीपर्यंत तंबूसारख्या सोडावयाच्या, कारण ऊब मातीतून वर येत असते आणि ती कोंडून धरणे हेच पांघरुणाचे काम आहे. आणि ऑक्टोबर लागला की संध्याकाळी आकाश निरभ्र आणि झाडे निश्चल दिसताच, कोणताही अंदाज न पाहता, कढीपत्त्याची कुंडी दोघांनी दोन बाजूंनी धरून घरात आणावयाची. तिच्या बाबतीत आम्ही सोळा आण्यांखाली व्यवहार करीत नाही.

गेल्या वर्षी परत आल्यावर मी निफाडास गेलो आणि पुतण्याच्या हाती दोन साधे तापमापक ठेविले. एक त्याने घराजवळच्या वरच्या बागेत टांगला, दुसरा नाल्यालगतच्या खालच्या तुकड्यात, घडांच्या उंचीवर. आणि मुलीच्या जुन्या शाळेच्या वहीत तो रोज पहाटेचे दोन आकडे लिहू लागला. जानेवारीत एका सकाळी त्याचा दूरध्वनी आला. "काका, वर सात आहे आणि नाल्याकडे साडेतीन," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून त्याने विचारले, की नाल्याकडची छाटणी पुढच्या वर्षी पंधरा दिवस अलीकडे घ्यावी की पलीकडे. मी त्याला सांगितले, की एका हिवाळ्याच्या आकड्यांवर मी काही सांगणार नाही, वही चालू ठेव. आणि कुंदेवाडीच्या मागील तीस वर्षांच्या नोंदी मिळविण्याकरिता आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहायला घेतला.